रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या : कोणती, कशासाठी आणि कुठपर्यंत?



मागच्या रमजानमधली गोष्ट. तरावीहची नमाज चालू असताना आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा उभे राहता राहता खाली बसले. वय ७२. एस. टी.त तीस वर्षे ड्रायव्हर होते. लोकांना वाटले, रोजाचा थकवा असेल. कुणी पाणी दिले, कुणी पंखा त्यांच्याकडे वळवला. नमाज संपल्यावर चाचा कुणाचा तरी हात धरून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी त्यांना माझ्या दवाखान्यात घेऊन आली. चेहरा पांढराफटक. पापणी खाली ओढून पाहिली, तर आत लाली नावालाही नव्हती. मी विचारले, "चाचा, संडासला कशी होते? रंग कसा आहे?" ते संकोचले. मुलीकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "चार दिवस झाले, डांबरासारखी काळी होतेय डॉक्टरसाहेब. मला वाटलं, खजूर जास्त खाल्ले म्हणून असेल."

हिमोग्लोबिन निघाले ६.४. मुलीने औषधांची प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या नसेत स्टेंट टाकला होता, तेव्हाची ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली कॅप्सूल अजून चालू होती. आठ महिन्यांपूर्वी ठोके अनियमित असल्याचे निघाले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी एपिक्साबान ही गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली होती. शिवाय गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची पाकिटे. म्हणजे चाचा रोज रक्त पातळ करणारी तीन औषधे घेत होते आणि वर पोटाला जखम करणारे चौथे. स्टेंटवाल्या डॉक्टरांनी स्टेंट पाहिला, ठोक्यांच्या डॉक्टरांनी ठोके पाहिले. मीही त्यांचा रक्तदाब दोनदा तपासला होता, पण पिशवी उघडून दाखवा असे कधी म्हटले नव्हते.

मोठ्या दवाखान्यात दोन पिशव्या रक्त चढवले. दुर्बिणीतून पाहिले तर जठरात अल्सर होता. चौथ्या दिवशी घरी सोडताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तात्पुरत्या बंद केल्या होत्या आणि कागदावर लिहिले होते : आठ दिवसांनी दाखवावे, गोळी पुन्हा सुरू करायची आहे. पण आठव्या दिवसाच्या आसपास ईद आली, पाहुणे आले. शिवाय घरातले सगळे घाबरलेले. "त्या गोळ्यांनीच अब्बांचा जीव जात होता, आता कशाला पुन्हा?" असा विचार झाला. चाचांना बरेही वाटत होते.

घरी आल्याच्या चौदाव्या दिवशी फजरच्या वेळी चाचा वुजू करायला बसले. चूळ भरली, तर पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळू लागले. सुनेने पाहिले, हाक मारली, तर शब्द बोबडे. मेंदूच्या नसेत गुठळी अडकली होती. वेळेत दवाखान्यात नेले, पण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता आले नाही, कारण पोटातल्या रक्तस्रावाला तीन आठवडेही झाले नव्हते. जीव वाचला, अलहम्दुलिल्लाह. उजव्या हाताची ताकद मात्र निम्मीच परत आली.

एकाच माणसाला एका महिन्यात दोन्ही बाजूंनी मार बसला. गोळ्या जास्त झाल्या तेव्हा रक्त वाहिले. सगळ्याच थांबल्या तेव्हा रक्त गोठले. ज्यांच्या घरी ठोके अनियमित असलेला आणि शिवाय हृदयाच्या नसांचा आजार असलेला माणूस आहे, त्यांनी आजचे पान नीट वाचावे.

गुठळ्या दोन प्रकारच्या

हृदयाचे वरचे दोन कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात, या आजाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डॉक्टर थोडक्यात 'ए-फिब' म्हणतात. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा नीट आवळला नाही की त्या पिशवीत रक्त साचते, आणि साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरावे तशी तिथे गुठळी धरते. ती सुटली की बहुतेक वेळा थेट मेंदूकडे जाते. या आजारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. छातीत धडधड होत नसली तरी धोका असतोच. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, आधी होऊन गेलेला लकवा, नसांचा आजार अशा गोष्टींचे गुण मोजून डॉक्टर ठरवतात की गोळी लागेल की नाही.

ही साचलेल्या रक्तातली गुठळी रोखणारी औषधे म्हणजे वॉरफरिन, एसेनोकुमारॉल आणि त्यानंतर आलेली डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान, एडोक्साबान.

दुसरी गुठळी हृदयाच्या नसेत होते. तिथे रक्त साचलेले नसते, वेगाने वाहत असते. पण नसेच्या आतल्या चरबीच्या थराला तडा गेला, किंवा स्टेंटची नवी जाळी बसली, की रक्तातल्या प्लेटलेट या बारीक पेशी तिथे गर्दी करून चिकटतात. त्यांना चिकटू न देणारी औषधे वेगळी : ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर.

घरात मात्र दोन्हींना एकच नाव असते, "रक्त पातळ करायची गोळी". घोटाळा इथूनच सुरू होतो. कुणी म्हणतो, "ॲस्पिरिन चालू आहे ना, मग दुसरी कशाला?" पण ए-फिबमधला लकवा रोखायला एकटी ॲस्पिरिन पुरत नाही. आणि कुणी म्हणतो, "दोन्ही आजार आहेत, मग दोन्हीकडच्या सगळ्या गोळ्या घ्या, नुकसान काय?" नुकसान काय होते ते चाचांच्या हिमोग्लोबिनने दाखवले.

तीनवरून दोन, दोनवरून एक

एके काळी डॉक्टरही असेच करत. ए-फिबच्या रुग्णाला स्टेंट बसवला की वॉरफरिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या तिन्ही गोळ्या महिनोन्‌महिने चालत. हेतू चांगला होता. पण रक्तस्राव खूप होत.

मग नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी ५७३ रुग्णांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. निम्म्या रुग्णांना तिन्ही औषधे दिली, उरलेल्यांची ॲस्पिरिन वगळली. वर्षभरात तीन औषधांच्या गटात शंभरातल्या ४४ जणांना लहानमोठा रक्तस्राव झाला. ॲस्पिरिन वगळलेल्या गटात १९ जणांना. आणि ॲस्पिरिन वगळल्यामुळे हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू वाढले नाहीत. २०१९ मध्ये एपिक्साबानची याहून पुष्कळ मोठी, ४,६०० हून जास्त रुग्णांची चाचणी आली. तिथेही तेच दिसले. सहा महिन्यांत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत शंभरातल्या १६ जणांना दखल घेण्याजोगा रक्तस्राव झाला, न घेणाऱ्यांत ९ जणांना.

पुढचा प्रश्न चाचांसारख्यांचा. स्टेंटला वर्ष उलटून गेले, छातीत दुखत नाही, तब्येत स्थिर आहे. आता प्लेटलेटची एक तरी गोळी चालू ठेवावी का? जपानमध्ये अशा २,२३६ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना एकटी रिव्हारोक्साबान, काहींना तिच्यासोबत प्लेटलेटची एक गोळी. दोन गोळ्यांच्या गटात मृत्यू जास्त होत आहेत हे दिसल्यावर ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. २०२४ मध्ये कोरियातून एडोक्साबानची चाचणी आली. तिथेही एकट्या गोळीवर असलेल्यांना रक्तस्राव कमी झाला.

म्हणून आजची साधारण रीत अशी आहे :

• स्टेंट बसवल्यानंतर सुरुवातीचे काही दिवस, बहुधा आठवडाभर आणि फार तर महिनाभर, तिन्ही औषधे.
• त्यानंतर ॲस्पिरिन बंद. ए-फिबची गोळी आणि क्लोपिडोग्रेल अशी दोनच. ठरवून स्टेंट बसवला असेल तर साधारण सहा महिने, हृदयविकाराचा झटका आल्यावर बसवला असेल तर साधारण वर्षभर.
• त्यानंतर तब्येत स्थिर असेल तर फक्त ए-फिबची गोळी, आणि ती बहुतेकांना कायमची.

चाचा या तिसऱ्या पायरीवर आठ महिन्यांपूर्वीच पोहोचायला हवे होते. जिना तोच होता, पण पुढच्या पायरीवर पाऊल टाका असे सांगणारे कुणी नव्हते, आणि विचारणारेही कुणी नव्हते.

हे वाचून लगेच गोळी बंद करू नका

इथे हात जोडून विनंती आहे. वरची रीत ज्यांना ए-फिबही आहे आणि हृदयाच्या नसांचा आजारही आहे, त्यांच्यासाठी आहे. ज्यांना फक्त स्टेंट आहे आणि ठोके नियमित आहेत, त्यांची ॲस्पिरिन बहुधा कायमची असते. ती बंद केली तर स्टेंट बुजू शकतो. स्टेंट अवघड जागी बसला असेल, झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर डॉक्टर दोन गोळ्या जास्त काळ ठेवू शकतात. म्हणून गोळी कमी करायचा निर्णय डॉक्टरांचा. आपले काम प्रश्न विचारण्याचे : "डॉक्टरसाहेब, ही गोळी कुठपर्यंत?"

आणखी एक महत्त्वाचा अपवाद. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. अशी अरुंद झडप आणि ए-फिब असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यांना वॉरफरिन किंवा एसेनोकुमारॉलच लागते. शेजाऱ्याला नवी गोळी लागू पडली म्हणून आपली बदलू नये.

वॉरफरिनबद्दल "हे तर उंदराचे औषध" असे कुणी सांगतो आणि माणूस गोळी फेकून देतो. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. अमेरिकेत सडलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्या चाऱ्यातल्या द्रव्याच्या शोधातून हे औषध निघाले आणि १९४८ मध्ये आधी उंदरांसाठी विकले गेले. १९५४ पासून ते माणसांना दिले जाते, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही दिले गेले. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा असतो. म्हणूनच या गोळीवर असताना आय.एन.आर. ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. बहुतेक ए-फिबच्या रुग्णांत हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान हवा. पालेभाज्या बंद करू नका. फक्त रोज साधारण सारख्याच प्रमाणात खा. एक आठवडा मेथी-पालक रोज आणि पुढचे दोन आठवडे अजिबात नाही, असे केले की आकडा डळमळतो.

रमजान, हिजामा आणि घरातले उपाय

आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ताजा झटका, ताजा स्टेंट, नुकताच झालेला रक्तस्राव, कमजोर मूत्रपिंड असेल तर ती सवलत घेण्यात कमीपणा मानू नये. कजा की फिदिया, ते आपल्या मौलानांना विचारावे. पण ज्यांची तब्येत स्थिर आहे आणि डॉक्टरांनी होकार दिला आहे, त्यांना गोळ्यांचा मेळ घालता येतो. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी सहेरीला आणि इफ्तारला. महाराष्ट्रात रोजा साधारण तेरा-चौदा तासांचा असतो, त्यामुळे बारा तासांचे अंतर जवळजवळ जमते. उन्हाळ्यात लंडनला असलेल्या नातेवाइकांचा रोजा सतरा-अठरा तासांपर्यंत जातो. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, नुसत्या खजूर-पाण्यावर नाही. रिकाम्या पोटी ती पुरेशी अंगी लागत नाही. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या घेऊ नयेत. वॉरफरिनवाल्यांनी रमजानच्या आधी आणि मध्यावर आय.एन.आर. करावा. तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात.

हिजामा सुन्नत आहे म्हणून अनेक जण करून घेतात. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना त्वचेवर चिरा देऊन रक्त काढणे धोक्याचे आहे. रक्त थांबत नाही. हिजामासाठी चार दिवस गोळी बंद ठेवणे त्याहून धोक्याचे, कारण त्याच चार दिवसांत लकवा होऊ शकतो. दात काढायचा असला तरी हेच : आधी दोन्ही डॉक्टरांना सांगा, गोळी परस्पर थांबवू नका. हज-उमराला जाणाऱ्यांनी गोळ्यांचा पूर्ण साठा हातातल्या सामानात ठेवावा, आणि डोके वस्तऱ्याने करताना न्हाव्याला आधी कल्पना द्यावी.

जेवणातला लसूण, आले, हळद यांची भीती नाही. पण त्यांच्याच तीव्र अर्काच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, कशापासून बनली ते न सांगणारी माजूने आणि पुड्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या! डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत म्हणजे पोटात रक्तस्रावाला आमंत्रण. दुखले तर पॅरासिटामॉल, तेही प्रमाणात. दोन प्रकारची औषधे एकत्र चालू असतील तोवर पोटाच्या संरक्षणाची गोळी लागेल का, हे जरूर विचारा.

दवाखान्यात भरती असताना पोटाच्या त्वचेत टोचतात ते हेपरिन किंवा एनोक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनते, हे कळल्यावर काही घरांत गोंधळ होतो. तोंडाने घ्यायची वरची औषधे प्रयोगशाळेत बनतात, त्यांचा हा प्रश्न नाही. काही रुग्णांत फोंडापॅरिनक्स हे कृत्रिम इंजेक्शन चालते, ते डॉक्टरांना विचारता येते. पण जीव धोक्यात असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर सवलत आहे असे उलमा सांगतात. अशा वेळी आय.सी.यू.च्या दारात वाद घालत वेळ घालवू नये.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

डांबरासारखी काळी किंवा लाल संडास, उलटीत रक्त, लघवीत रक्त, नाकातून पंधरा-वीस मिनिटे न थांबणारे रक्त, पडून डोक्याला मार, अचानक प्रचंड डोकेदुखी. आणि दुसऱ्या बाजूला : तोंड वाकडे होणे, चूळ भरताना पाणी गळणे, एक हात खाली पडणे, शब्द बोबडे होणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे. यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. तेल चोळणे, सरबत पाजणे यात वेळ दवडू नका. सोबत औषधांची पिशवी न्या.

वहीचे एक पान

आता एक छोटे काम. आजच घरातल्या मोठ्यांच्या औषधांची पिशवी रिकामी करा. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा : गोळीचे नाव, कशासाठी, कोणी व कधी सुरू केली, कुठपर्यंत. चौथा रकाना रिकामा राहिला, तर तेवढाच प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा. त्याच पानाखाली स्टेंटची तारीख, वजन आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा लिहा, कारण नव्या गोळ्यांची मात्रा वय, वजन आणि मूत्रपिंडावर ठरते. दोन डॉक्टर असतील तर दोघांनाही हे एकच पान दाखवा.

चाचांच्या घरी हे पान आता कॅलेंडरच्या खिळ्याला लटकले आहे. कॅप्सूल गेली, डायक्लोफेनॅक गेले. राहिली एपिक्साबान आणि पोटाची एक गोळी. परवा भेटले तेव्हा तसबीह डाव्या हातात होती. उजव्या हाताला मणी अजून नीट सरकत नाहीत. "सवय होतेय," म्हणाले. पानावर एपिक्साबानसमोर चौथ्या रकान्यात मुलीने लाल पेनने लिहिले आहे : "कायम. डॉक्टर सांगितल्याशिवाय बंद नाही."

अल्लाह आपल्या सर्व वडीलधाऱ्यांना शिफा आणि आफियत देवो. आमीन.